पुसणे म्हणजे नेमके काय?

वहीत चूक झाली की विद्यार्थी खोडरबर घासतो. पेन्सिलीचे ग्राफाइट कागदावरून सुटते, रबराच्या कणांना चिकटते आणि खालचा कोरा कागद पुन्हा दिसू लागतो. संगणकावर चित्रे काढण्याच्या आज्ञावलीतही खोडरबराचे चिन्ह असते. तेथे ना ग्राफाइट असते, ना कागद. मग पुसले जाते ते काय?

युरोपात पूर्वी पेन्सिलीच्या खुणा पावाच्या तुकड्याने पुसत. पुढे ऑक्सिजनवरील संशोधनामुळे प्रसिद्ध झालेले जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० साली यथार्थदर्शनावरील आपल्या पुस्तकात या कामासाठी एका उत्तम पदार्थाची नोंद केली. लंडनमधील उपकरणकार एडवर्ड नेअर्न या पदार्थाचा सुमारे अर्धा इंच बाजूचा ठोकळा तीन शिलिंगांना विकत असत. तोच आपला रबर.

छायाचित्राला मात्र रबर चालत नाही. छापील प्रतीवरची व्यक्ती खरवडून काढली, तरी तिच्यामागचे दृश्य खाली सापडत नाही. मॉस्को कालव्याकाठी १९३७ साली काढलेल्या एका छायाचित्रात स्टालिनशेजारी गुप्त पोलिसांचे प्रमुख निकोलाय येझोव्ह होते. १९४० साली त्यांना मृत्युदंड दिला गेला. त्याच छायाचित्राच्या फेरफार केलेल्या प्रतीत त्यांच्या जागी कालव्याचे पाणी दिसते. हे पाणी कोणीतरी रंगवले. मूळ प्रत टिकून राहिली, म्हणूनच ही लबाडी आज आपल्याला कळते.

संगणकाचा खोडरबर या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा आहे. १९८४ साली मॅकिंटॉश संगणकाबरोबर बिल ॲटकिन्सन यांची मॅकपेंट ही आज्ञावली आली. तिच्यातले चित्र काळ्या-पांढऱ्या बिंदूंचे होते. काळ्या बिंदूसाठी १, पांढऱ्यासाठी ०. खोडरबर फिरवला की १ च्या जागी ० लिहिले जाई. म्हणजे हा खोडरबर खरे पाहता पांढऱ्या रंगाचा कुंचलाच होता! खाली काही उरत नसे. म्हणून ॲटकिन्सन यांनी शेवटच्या कृतीपूर्वीचे चित्र स्मृतीत वेगळे जपून ठेवण्याची सोय केली. चूक झाल्यास ते परत आणता येई.

दरम्यान १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी एक नामी कल्पना मांडली होती. बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या तीन आकड्यांसोबत त्याची अपारदर्शकता सांगणारा चौथा आकडा ठेवायचा. त्याला 'अल्फा' म्हणतात. फोटोशॉप ही आज्ञावली १९९० साली आली आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्यात एकावर एक थर ठेवण्याची सोय झाली. तळाच्या पार्श्वभूमीवर खोडरबर फिरवला तर निवडलेला पार्श्वरंग भरला जातो. वरच्या थरावर फिरवला तर तेथील बिंदू पारदर्शक होतात आणि खालचा थर दिसतो. थरावर 'मुखवटा' चढवला तर काहीही न खोडता हवा तो भाग नुसता झाकता येतो, आणि हवा तेव्हा उघडताही येतो.

हा फरक वर्गात सहज दाखवता येईल. चौकटीच्या कागदावर ८ × ८ घरांत ० आणि १ लिहून एखादे अक्षर काढायला सांगावे. मग त्यातील काही १ बदलून ० करून तो कागद दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यावा. कोणती शून्ये मूळची आणि कोणती नंतरची, हे त्याला आकड्यांवरून सांगता येणार नाही. कागदावर खोडल्याची खूण राहते, आकड्याला अशी खूण नसते. पहिल्या कागदाची नक्कल आधीच काढून ठेवली असेल, तरच उत्तर मिळेल.

म्हणून शाळेची जुनी छायाचित्रे संगणकावर स्वच्छ करताना मूळ प्रतीला हात लावू नये. नकलेवरच काम करावे आणि कोणते डाग काढले याची नोंद ठेवावी. उद्याच्या विद्यार्थ्याला आपण काय पुसले हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.