दिवसा राम, रात्री कृष्ण

आमच्या वांगणीच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात आजीच्या गोल चकत्या. मागून सगळ्या लाल, पुढून मासे, कासवं, परशू असं काहीबाही रंगवलेलं. लहानपणी मी आणि ताई दुकान-दुकान खेळताना त्या नाणी म्हणून वापरायचो. काहींवर तर मी बॉलपेनने किंमतसुद्धा टाकली होती. आजी ओरडली नाही. एकदा तिन्हीसांजेला दिवा लावून आली आणि म्हणाली, "झिला, रात झाली. आता कृष्णाचो मान." मला ओ की ठो कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. आजीला जाऊन आता बारा वर्षं झाली.

मध्यंतरी घराला रंग काढला तेव्हा डबा पुन्हा खाली आला. चकत्या मोजल्या, 71 भरल्या. 71 ही मूळ संख्या, म्हणजे हा पूर्ण संच असूच शकत नाही, एवढं इंजिनीअरिंग मला येतं :-)

तर त्या चकत्या म्हणजे गंजिफा. आपले जुने पत्ते. आजीचं माहेर सावंतवाडीजवळचं, आणि सावंतवाडी म्हणजे गंजिफाचं गाव. मग काय, एका लाँग वीकेंडला ठाण्याहून तुतारी एक्सप्रेस पकडली.

आधी थोडा इतिहास. हा खेळ इराणकडून आला. बाबराने 1527 साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने 12 रंगांच्या 144 पानांच्या खेळाचं वर्णन करून ठेवलंय. दरबारी संच हस्तिदंताचे, कासवाच्या पाठीचे, शिंपल्याचे असायचे. ज्याला परवडेल त्याने मिरवायची वस्तू. नंतर आपल्याकडे या खेळाचं पार देशीकरण झालं. बादशहा आणि त्याच्या फौजेच्या जागी दशावतार आले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत 10 रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे 12 पानं. एकूण 120. सावंतवाडीत हा खेळ तिसर्‍या खेम सावंतांच्या दरबारात (1755 ते 1803) आलेल्या तेलंगणातल्या पंडितांमुळे रुजला, असं सांगतात.

पानं बनवायचे चितारी. पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे रंगवणारी ही घराणी. चितार आळीत अजूनही लाकडी फळं आणि खेळणी मिळतात, हलक्या पांगार्‍याच्या लाकडाची. गंजिफासाठी जुनी रीत अशी: कापडाला चिंचोक्याची खळ लावून ते कडक करायचं, गोल कापायचं, लाखेचा हात द्यायचा आणि मग बारीक कुंचल्याने चित्र. असं 120 वेळा. शिवाय ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी. हे सगळं बापाकडून मुलाकडे. कुठे मॅन्युअल नाही, कुठे डॉक्युमेंटेशन नाही.

मग एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील पत्त्यांचा कॅट आला. 52 पानं, स्वस्त, हरवला तर दुसरा घ्या. पुढे 1948 मध्ये संस्थानं विलीन झाली आणि राजाश्रयही आटला. चितारी खेळण्यांकडे वळले. 1970 च्या आसपास गंजिफा नीट येणारे म्हणून नाव उरलं होतं ते वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांचं.

आमच्या धंद्यात याला बस फॅक्टर म्हणतात. टीममधल्या किती माणसांना उद्या बसने उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. सावंतवाडीच्या गंजिफाचा बस फॅक्टर तेव्हा जवळपास एकवर आला होता.

पुढे जे झालं ते मला फार आवडतं. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी स्वतः चितारींकडून ही कला शिकले. ज्यांच्या पूर्वजांनी ऑर्डरी द्यायच्या, ते शिष्य झाले. मग 1970 च्या दशकात त्यांनी राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू केलं आणि गावातल्या मुलामुलींना शिकवलं. मी गेलो तेव्हाही दरबार हॉलमध्ये कलाकार मान खाली घालून पानं रंगवत बसले होते. 2024 मध्ये या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे ही घराण्याची कला टिकली ती घराण्याबाहेर गेली म्हणून. रक्तातच राहिली असती तर एव्हाना संपली असती.

इथवर गोष्ट छान आहे. पण तिथे मी एकाला विचारलं, "दादा, हे खेळतात कसं?" तो हसला. म्हणाला, "लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात हो."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. परंपरा एक नव्हतीच, दोन होत्या. एक बनवणार्‍यांची आणि एक खेळणार्‍यांची. पहिली राजवाड्याने वाचवली. दुसरी माझ्या आजीसारख्या लोकांकडे होती आणि ती आम्ही माळ्यावर टाकली. चितार्‍याला सगळ्या पानांची पाठ सारखी ठेवावी लागायची, कारण नाहीतर समोरचा पान ओळखेल. हातात 40 पानं धरून रंग झटकन ओळखता यावा म्हणून प्रत्येक अवताराची खूण ठळक. भिंतीवर टांगलेल्या पानाच्या पाठीकडे कोण बघतंय? वापरणारेच नसतील तर वस्तू सुंदर राहील, पण ती तशी का आहे हे विसरलं जाईल.

शेवटी मी एक नवीन संच घेतला (महाग आहे, घरी खरी किंमत सांगितलेली नाही) आणि नियम शोधून काढले. तीन भिडू, प्रत्येकी 40 पानं, हुकूम नाही. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा. आणि सुरुवात कोणी करायची? दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याने.

हे वाचलं आणि थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. आजी तेव्हा काहीतरी देवाधर्माचं बोलत नव्हती. ती मला खेळायला बोलवत होती.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी, बाबा आणि ताई सतरंजीवर बसलो. पहिला डाव भयंकर झाला. एक्का मोठा की दश्शी यावर भांडणं, बाबांनी दोनदा चुकीचा रंग टाकला. पण दुसर्‍या डावाला बाबा पानं लावता लावता एकदम म्हणाले, "आई अशी नाही लावायची, राजे डावीकडे ठेवायची." इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात ते कुठेतरी पडून होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

तुमच्याही माळ्यावर एखादा डबा असेल. डबा कुठे जात नाही, पण तो वापरता येणारं माणूस जातं. त्याला आधी विचारा.

बाकी ताई पुढच्या आठवड्यात सासरी परत जातेय, तेव्हा एक भिडू कमी पडणार आहे. येणार असाल तर बदलापूरच्या पुढचं स्टेशन, कर्जत लोकल पकडा. उशीर झाला तरी हरकत नाही, रात्री कृष्णाचा मान!