बोलता येत नाही, मग ‘लिव्हिंग विल’ कसं करायचं?

पक्षाघातानंतर अनेकांना अफेजिया म्हणजेच वाचाघात होतो. शब्द सापडत नाहीत, पण समज बऱ्याचदा शाबूत असते. तरी ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ हे मुलालाच विचारलं जातं. पेशंट समोर असतो!

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. करणाऱ्याला परिणाम समजायला आणि म्हणणं पोहोचवता यायला हवं. ते तोंडानेच, अशी अट नाही.

स्पीच थेरपिस्ट चित्रं, हो-नाहीची कार्डं वापरतात. एका वेळी एकच प्रश्न. अफेजियात ‘नाही’ऐवजी ‘हो’ निघू शकतं, म्हणून प्रश्न उलटूनही विचारतात: “नळी हवी?”, मग “नळी नको?” दोन्हींना ‘हो’ आलं, तर उत्तर अजून मिळालेलं नाही.