‘आंधळा’ शब्दाची कैफियत

कारभारांतील गोंधळ पाहून कोल्हापुरांत कोणीहि सहज म्हणतो, ‘आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय.’ दळणाऱ्याचे डोळे गेले आहेत, याविषयीं बोलणाराच्या मनांत विचारहि नसतो. त्यास केवळ कारभाऱ्याची गफलत दाखवावयाची असते. ‘आंधळा’ या शब्दाचा इतिहास पाहूं जातां हीच गोष्ट वारंवार आढळते.

संस्कृत ‘अंध’ शब्द प्राकृताच्या वाटेनें मराठींत ‘आंधळा’ झाला. दृष्टिहीन हा त्याचा मूळ अर्थ; ‘रातांधळा’ या शब्दांत तो अद्याप शुद्ध राहिला आहे. पण अज्ञान म्हणजे अंधत्व आणि गुरूपदेश म्हणजे डोळ्यांत घातलेलें अंजन, हें रूपक संतवाङ्मयानें घरोघर पोहोंचविलें. हेतु उदात्त होता. परिणाम मात्र असा झाला कीं, अंधश्रद्धा, अंधानुकरण, आंधळें प्रेम अशा शब्दांतून डोळसांचे दोष नेत्रहीनांच्या नांवावर जमा झाले.

भाषेनें याची भरपाई गौरवाच्या शब्दांनीं केली. अगदीं बालपणीं दृष्टि गेलेले विदर्भांतील विपुल ग्रंथकार गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ‘प्रज्ञाचक्षु’ म्हणून ओळखले जातात. २०१५ नंतर सरकारी व्यवहारांत ‘दिव्यांग’ हा शब्द आला. तथापि असा गौरव विद्वानास शोभला, तरी सामान्य माणसास तो कित्येकदां थट्टेसारखा वाटतो.

या बाबतींत कोल्हापूरचेंच एक उदाहरण बोलकें आहे. वि. स. खांडेकर १९३८ सालीं शिरोड्याहून येथें राहावयास आले. उत्तरायुष्यांत त्यांची दृष्टि गेली. तरी लेखनिकास मजकूर सांगून त्यांनीं लेखन चालू ठेविलें. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार, मराठीला मिळालेला पहिलाच, त्यांच्या ‘ययाति’स (१९५९) मिळाला. त्या कादंबरीचा नायक दोन्ही डोळ्यांनीं धड, पण वासनेनें ‘आंधळा’ झालेला राजा. त्या राजास जो शब्द लावावयाचा, तोच त्याच्या कर्त्यासहि लावावा, हा न्याय कसला?

म्हणून शब्द टाकून देण्याचें कारण नाहीं. डोळ्यांनीं न दिसणाऱ्यास अंध म्हणण्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा चिकटतो तो त्या शब्दावर लादलेल्या परक्या दोषांमुळें. अविचारास अविचार व बेफिकिरीस बेफिकिरी म्हणण्याइतकी मराठी समर्थ आहे. आपण घरांतल्या बोलण्यांत एवढें पाळलें, तर या जुन्या शब्दास त्याचा निर्दोष अर्थ परत मिळेल.