संज्ञापनाचा अभ्यास : पेण-रोह्याच्या अंगणातील विषय

मुंबई विद्यापीठाने २०००-०१च्या सुमारास ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ हा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला आणि ‘बीएमएम’ ही तीन अक्षरे बघता बघता महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडी रुळली. पुढे २०१९-२०पासून त्याचे नामांतर ‘बीए इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन’ असे झाले. नाव बदलले, समज मात्र फारशी बदलली नाही. हा अभ्यासक्रम म्हणजे कॅमेरा, निवेदन आणि जाहिरातीची चमकदार दुनिया, असेच अनेक पालक व विद्यार्थी मानतात. पेण किंवा रोह्यासारख्या गावातून प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या मनात तर आणखी एक गाठ पक्की बसलेली असते : माध्यमे मुंबईत आहेत, तेव्हा शिकण्यासारखे जे काही आहे, तेही मुंबईतच असणार.

या विद्याशाखेचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही.

मराठीत ‘कम्युनिकेशन’ला ‘संज्ञापन’ हा शब्द विद्यापीठांनी स्वीकारला आहे. बोलीत तो उतरलेला नाही, हे खरे; पण ‘संपर्क’ किंवा ‘दळणवळण’ यांहून तो नेमका आहे. एकाच्या मनातील अर्थ दुसऱ्याच्या मनात कसा पोहोचतो, वाटेत तो कसा बदलतो आणि पोहोचल्यावर काय घडवतो, हा त्याचा विषय. दोन व्यक्तींमधील संभाषण, चावडीवरची चर्चा, सभेतील भाषण आणि वृत्तपत्र वा दूरचित्रवाणी या सर्व त्याच्या पायऱ्या आहेत. कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो, ही अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरोल्ड लासवेल यांनी १९४८मध्ये मांडलेली प्रश्नमालिका आजही पहिल्या वर्षीच्या वर्गात फळ्यावर लिहिली जाते. पत्रकारिता हे या शास्त्राचे एक उपयोजन आहे. संपूर्ण शास्त्र नव्हे.

महाराष्ट्रात मात्र विद्यापीठीय शिक्षणाची सुरुवात पत्रकारितेपासूनच झाली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२मध्ये, तर पुणे विद्यापीठात १९६४मध्ये हा विषय आला. रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या विभागाच्या नावात आज वृत्तपत्रविद्येबरोबर ‘संज्ञापन’ हाही शब्द आहे.

तरीही संज्ञापनाचा एक गाजलेला प्रयोग या विभागाच्या स्थापनेआधीच मराठी खेड्यांत पार पडला होता. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने ‘रेडिओ ग्रामीण मंच’ चालवले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामस्थांचे छोटे गट आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करून गावात काय करता येईल, ते ठरवत. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंचांची. मूल्यमापन केले मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने. त्याची धुरा व्हिएन्नात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांच्याकडे होती.

न्यूरथ यांनी मंच असलेल्या गावांशेजारी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली. काहींत रेडिओ होता, पण मंच नव्हता. काहींत रेडिओही नव्हता. मंच असलेल्या गावांत शेती, आरोग्य इत्यादींविषयीची माहिती लक्षणीय वाढली. ज्या गावांत केवळ रेडिओ होता, तेथे ही वाढ नगण्य होती. आवाज तोच, कार्यक्रम तेच. फरक होता तो ऐकल्यानंतर माणसे एकमेकांशी बोलली की नाही, एवढाच. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यात १९४०च्या निवडणुकीच्या वेळी नेमके असेच काहीसे टिपले होते : माध्यमातील मजकूर बहुधा थेट मतदारापर्यंत जात नाही, तो आसपासच्या जाणत्या माणसांमार्फत झिरपतो. पाठ्यपुस्तकात ओहायोचे पान ठळक असते आणि मराठी खेड्यांचे पान अनेकदा गाळले जाते, ही खेदाचीच बाब.

तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा त्या पाच जिल्ह्यांत नव्हता. पण पेण आणि रोहे या शेजारच्या तालुक्यांना या विषयात सांगण्यासारखे स्वतःचे बरेच काही आहे. विनोबा भावे यांचा जन्म १८९५मध्ये पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला, तर स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९२०मध्ये रोह्यात. दोघांच्या विचारांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांनी तो विचार पोहोचवला कसा, याकडे मात्र संज्ञापनाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहायला हवे.

विनोबांनी १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. श्रोते होते सहबंदी. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्या हस्तलिखितातून पुस्तक झाले आणि पुस्तकाचे अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले. बोललेला शब्द, कानांनी टिपलेला शब्द, छापलेला शब्द आणि अनुवादित शब्द या चार टप्प्यांत काय टिकले आणि काय गळाले, हा एका प्रबंधाचा ऐवज आहे. १९५१पासूनच्या भूदान पदयात्रेत तर चालणे हेच माध्यम झाले. गावात पायी येणारा माणूस जमीन मागतो, तेव्हा त्याचे येणे हाच निम्मा संदेश असतो.

पांडुरंगशास्त्रींची रीत वेगळी. त्यांची व्यासपीठावरील प्रवचने ध्वनिचित्रमुद्रित होत आणि ठिकठिकाणच्या केंद्रांवर स्वाध्यायी एकत्र बसून ती पाहत. त्याच्या जोडीला भक्तिफेरी असे : स्वखर्चाने परगावी जायचे, घरोघर माणसांना भेटायचे आणि यजमानांवर कसलाही भार टाकायचा नाही. यंत्रातून येणारा एक आवाज आणि तो समूहाने ऐकल्यावर प्रत्यक्ष भेटींतून पसरणे, ही मांडणी न्यूरथ यांनी तपासलेल्या मंचांच्या किती जवळ जाते! भक्ती आणि विकास यांची प्रयोजने निराळी असली, तरी अभ्यासकाने हे साम्य नजरेआड करू नये.

याच मुलखात संज्ञापनाची दुसरी, संघर्षाची बाजूही दिसते. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत खातेदारांचे मत घेण्यात आले. प्रशासनाने भूसंपादनाबाबत अशा रीतीने शेतकऱ्यांचा कौल घेणे, ही देशभर चर्चिली गेलेली घटना होती. पुढे या प्रकल्पाचे भूसंपादन बारगळले. त्या दिवसापर्यंत गावागावांत बैठका कशा भरल्या, नोटिशीतील सरकारी मराठीचा अर्थ कोणी कोणाला समजावला, आगरी बोलीत तो कसा उतरला, स्त्रियांपर्यंत कोण पोहोचले, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. मुंबईच्या दैनिकांनी या घटनेकडे कोणत्या चौकटीतून पाहिले आणि अलिबागहून निघणाऱ्या ‘कृषीवल’ने कोणत्या, ही तुलनाही उद्बोधक ठरेल. नारायण नागू पाटील यांनी चरीच्या शेतकरी संपाच्या काळात, १९३७मध्ये, सुरू केलेल्या या पत्राचे शेतकरी कामगार पक्षाशी असलेले नाते लक्षात घेतल्यावाचून ती तुलना पुरी होणार नाही. वृत्तपत्र कोणाचे आहे, हा प्रश्न मजकुराइतकाच महत्त्वाचा असतो.

रोहे तालुक्याने आपत्तीही पाहिल्या आहेत. नागोठणे परिसरात १९८९च्या जुलैमध्ये महापूर आला आणि १९९०च्या नोव्हेंबरमध्ये तेथील आयपीसीएलच्या पेट्रोरसायन संकुलात भीषण स्फोट झाला. भ्रमणध्वनीपूर्व काळातील या घटना. धोक्याची सूचना कोणापर्यंत, किती वेळात आणि कोणत्या भाषेत पोहोचते, याला ‘जोखीम-संज्ञापन’ म्हणतात. धाटावच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांसाठी हा विषय पुस्तकी नाही. भोंगा वाजला की घराबाहेर पडायचे की दारे-खिडक्या लावून आत थांबायचे, हे किती जणांना ठाऊक आहे, एवढा एकच प्रश्न घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाचा उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

अर्थात त्यासाठी अभ्यासक्रम निवडताना चौकसपणा हवा. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. माहितीपुस्तिकेतील स्टुडिओची छायाचित्रे पाहण्याआधी संशोधनपद्धती, माध्यमांचा इतिहास, समाजशास्त्र आणि सांख्यिकी या विषयांना किती तास दिले आहेत, हे पाहावे. क्षेत्रकार्य सक्तीचे आहे का आणि उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा आहे का, हेही विचारून घ्यावे. संदर्भग्रंथ बव्हंशी इंग्रजीत आहेत. ती अडचण खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण वाचण्यापुरते इंग्रजी वर्षभराच्या मेहनतीने येते. आगरी किंवा कातकऱ्यांची बोली ऐकून समजण्याची क्षमता मात्र शहरी सहाध्यायाला वर्षभरात येत नाही. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांपर्यंत लसीकरणाची वा रोजगार हमीची माहिती का पोहोचत नाही, हे शोधायचे, तर प्रश्नावली भरून घेण्यापूर्वी ऐकता आले पाहिजे.

नोकऱ्यांचे म्हणाल, तर वृत्तपत्रे व वाहिन्यांतील जागा मर्यादित आहेत आणि सुरुवातीचे वेतन बेताचेच असते. जनसंपर्क, आरोग्यसंज्ञापन, स्वयंसेवी संस्था, बाजारसंशोधन, शासकीय माहिती विभाग आणि अध्यापन या वाटा अधिक रुंद आहेत. यांतील बहुतेक ठिकाणी कॅमेरा चालवता येतो का, यापेक्षा लोक काय समजले हे मोजता येते का, हे विचारले जाते.

ज्यांना विषयाची चव आधीच घेऊन पाहायची आहे, त्यांनी पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातील एखाद्या गणपती कारखान्यात दोन दिवस बसावे. बाहेरगावचा व्यापारी मूर्ती कशी मागतो? डोळ्यांची आखणी, सोंडेचे वळण यांविषयी तो कोणते शब्द वापरतो? पूर्वी हे पत्रातून आणि प्रत्यक्ष भेटीतून ठरत असे, की कारागिरावरच सोपवले जाई? आता भ्रमणध्वनीवर छायाचित्र येते, तेव्हा कारागिराचे स्वातंत्र्य वाढते की घटते? चार कारागिरांची आणि दोन व्यापाऱ्यांची उत्तरे वहीत शेजारी शेजारी उतरवावीत आणि ती जिथे जुळत नाहीत, तिथे पुन्हा जाऊन विचारावे.