दोन पेडांचा पीळ

अमेरिकी लष्कराने ३१ मार्च २०१४ रोजी पेहराव आणि केशरचनेचे सुधारित नियम जारी केले. त्यात कृष्णवर्णीय महिला सैनिकांच्या नेहमीच्या पिळांना बंदी होती, आणि वेण्यांविषयीच्या मजकुरात अस्ताव्यस्त, गुंता झालेले अशा अर्थाचे शब्द होते. ज्या रचनेचा सगळा खटाटोप केसांत गुंता होऊ नये म्हणून, तिच्याच पंगतीला हे शब्द बसले. काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय महिला सदस्यांनी संरक्षणमंत्री चक हेगल यांना पत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये ते शब्द गळले आणि दोन पेडांचा पीळ नियमात बसला.

हा पीळ घालतात कसा? केस धुऊन, ओलसर असतानाच बारीक भांग पाडून डोक्यावर चौकोन आखायचे. एकेका चौकोनातली बट दोन पेडांत विभागायची आणि मुळापासून टोकापर्यंत एक पेड दुसऱ्यावर पिळत न्यायचा. शेवटी टोक बोटाभोवती गुंडाळून सोडून द्यायचं. तिपेडी वेणीपेक्षा हे काम लवकर होतं आणि उलगडतानाही केसाला कमी त्रास होतो. कुरळ्या केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. त्याच्या वळणावळणांतून टाळूचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत पोहोचत नाही, आणि कोरडा केस वळणावरच तुटतो. रोज फणी फिरवली तर जितका वाढतो तितकाच झडून जातो. पिळात टोकं आत राहतात आणि फणीला काही आठवडे सुट्टी मिळते.

पण घातला पीळ आणि विसरलं, असं चालत नाही. सुती उशी ओलावा शोषते आणि केस घासते, म्हणून रात्री सॅटिनची टोपी हवी. भांगांतल्या टाळूला अधूनमधून पातळ तेल हवं. मुळाशी नवे केस दिसू लागले की पीळ उलगडून धुवायचे, विंचरायचे, पुन्हा घालायचे. हे पुढे ढकललं तर रोज गळणारे केस पिळातच अडकून राहतात आणि मुळाशी खरोखरच गुंता बसतो. पीळ फार आवळला, वर गंगावनाचा भार दिला, तर कपाळाकडची कड विरळ होते. केस ओढून बांधल्याने पडणाऱ्या अशा टकलाची वैद्यकातली जुनी नोंद १९०७ची आहे, आणि ती चक्क ग्रीनलंडमधल्या स्त्रियांची आहे.

पश्चिम आफ्रिकेत ही कला जुनी. नायजेरियात योरुबा स्त्रिया बटांना मुळापासून काळा दोरा गुंडाळतात. त्या पद्धतीला ‘इरुन किको’ म्हणतात. जे. डी. ओखाई ओजेइकेरे या छायाचित्रकाराने १९६८पासून अशा रचना टिपायला सुरुवात केली. त्यांची अनेक छायाचित्रं पाठमोरी आहेत: चेहरा नाही, फक्त मान, भांगांची नक्षी आणि दोऱ्याने ताठ उभ्या राहिलेल्या बटा. मोकळ्या वेळात, सावलीत बसून, जाणत्या बाईच्या हातून होणारं हे काम आहे.

नेमका हा वेळच गुलामगिरीने हिरावला. जहाजावर चढवण्याआधी अनेकांची डोकी भादरली जात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांवर ना पूर्वीची तेलं उरली, ना रुंद दातांच्या फण्या. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक प्रकल्पाने गुलामगिरीतून सुटलेल्या २,३००हून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत केसांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. आठवडाभर बटांना दोरा किंवा चिंध्या गुंडाळून वर रुमाल बांधायचा, आणि रविवारी प्रार्थनेला जाताना तो सोडायचा. विंचरायला मेंढीची लोकर पिंजायची फणी, तेलाच्या जागी लोणी किंवा डुकराची चरबी. सहा दिवसांच्या राबण्यातून उरलेल्या एका दिवसावर ही सगळी निगा तगून राहिली. त्या स्त्रियांनी ती सोडली नाही, याचं मोल फार मोठं आहे.

गुलामगिरी संपली, तशी केस सरळ करण्याची ओढ वाढली. सरळ केसांना नोकरीत आणि समाजात मान होता. पीळ लहान मुलींच्या डोक्यावर किंवा घरात, रुमालाखाली राहिले. साठच्या दशकातल्या चळवळींनी आफ्रिकी केशरचना उघड्यावर आणल्या, पण कचेऱ्यांनी त्या स्वीकारल्या नाहीत. अमेरिकन एअरलाइन्समध्ये ११ वर्षं काम केलेल्या रेने रॉजर्स यांनी वेण्यांवरच्या बंदीविरुद्ध दावा लावला. १९८१मध्ये न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. केसांचा पोत जन्मजात असतो, वेणी मात्र माणूस हवी तेव्हा बदलू शकतो, असा त्यामागचा तर्क. तसल्या केसांचं जतन वेणीविना किती अवघड, हा विचार त्या तर्कात कुठेच नव्हता.

तो विचार कायद्यात यायला आणखी ३८ वर्षं गेली. जुलै २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध ‘क्राउन’ कायदा केला आणि संरक्षक केशरचना म्हणून वेण्या, लॉक्स (जटा) आणि पीळ यांची नावं त्यात लिहिली. पुढे दोन डझनांहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. २०२२मध्ये प्रतिनिधिगृहाने देशव्यापी विधेयक मंजूर केलं, पण सेनेटमध्ये ते अडलं.

टेक्ससचा कायदा १ सप्टेंबर २०२३ला लागू झाला. त्याच सुमारास तिथल्या एका शाळेने लॉक्स राखणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढलं. त्याने ते पिळून डोक्यावर बांधले होते. पण सोडले तर भुवया आणि कानांच्या पाळ्यांखाली येतील, आणि मुलांना एवढ्या लांब केसांची परवानगी नाही, असं शाळेचं म्हणणं. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला, कारण कायद्यात केशरचनेचं नाव आहे, लांबीचा उल्लेख नाही. केस न तुटता वर्षानुवर्षं वाढावेत म्हणून जपणूक करायची, आणि ती जमली की वाढलेली लांबीच नियमाआड यावी, असा हा पेच आहे. तो सोडवायचा तर कायद्यात लांबीही लिहावी लागेल.