उचकी

उचकी (संस्कृत: हिक्का) ही श्वासपटलाच्या अनैच्छिक आकुंचनामुळे घडणारी शारीरिक क्रिया आहे. छाती व उदर यांना विभागणारा श्वासपटल हा स्नायूंचा पडदा एकाएकी आकुंचन पावला, की हवा वेगाने आत ओढली जाते. त्याच क्षणी स्वरतंतूंमधील फट मिटते आणि ‘हिक्’ असा आवाज येतो.

कारणे

श्वासपटलाकडे जाणाऱ्या फ्रेनिक चेता, जठराशी निगडित व्हेगस चेता आणि मस्तिष्कस्तंभ यांपैकी कोठेही उद्दीपन झाल्यास उचकी लागते. घाईघाईने किंवा भरपेट जेवणे, तिखट पदार्थ, वायुमिश्रित शीतपेये, मद्यपान व मानसिक उत्तेजना ही नेहमीची कारणे होत. गर्भालाही उचक्या लागतात. तान्ह्या बाळांत त्या वारंवार आढळतात.

आयुर्वेदातील विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का व श्वास या विकारांचे एकत्र विवेचन आहे. महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा व अन्नजा असे हिक्केचे पाच प्रकार तेथे सांगितले असून पहिले दोन प्राणघातक मानले आहेत.

लोकसमजूत

उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढली, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. आप्तेष्टांची नावे एकेक करून घेतली जातात आणि ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली असे मानतात. वस्तुतः साधी उचकी काही मिनिटांत आपोआप थांबते. त्यामुळे त्या वेळी घेतलेल्या नावाला श्रेय मिळते.

उपाय

काही क्षण श्वास रोखून धरणे, थंड पाण्याचे लहान घोट घेणे किंवा चमचाभर साखर गिळणे हे घरगुती उपाय प्रचलित आहेत. यांमुळे श्वासाची लय बदलते किंवा व्हेगस चेता उद्दीपित होते. डोळ्यांची बुबुळे दाबणे धोक्याचे आहे. एक वर्षाखालील बाळाला उचकीसाठी मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा संभवते. दूध पाजताना मध्ये थांबून बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावा.

वैद्यकीय सल्ला

उचकी ४८ तासांहून अधिक टिकल्यास तिला दीर्घकालीन मानतात. मूत्रपिंडाचे विकार, जठरातील आम्लाचा उलटा प्रवाह, मस्तिष्कस्तंभाचे आजार किंवा काही औषधे तिच्या मुळाशी असू शकतात. अशा वेळी आठवण काढणाऱ्याचा शोध न घेता डॉक्टरांकडे जावे. उचकीसोबत छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवल्यास ४८ तास वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.