नजराण्यातल्या रानभाज्या

आखाती देशांतून कोकणातल्या मुसलमान घरांत येणाऱ्या बॅगांचे एक ठरलेले रूप असे. टँगची बाटली, दुधाच्या पावडरीचा डबा, अत्तराच्या कुप्या, एखादे जाड ब्लँकेट आणि थोरामोठ्यांसाठी खजूर. बॅग उघडली की सगळे घर भोवती गोळा होई. १९८०च्या दशकातल्या एका मार्चमध्ये आमचे चाचा कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा ह्या नेहमीच्या वस्तूंखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पिशवी निघाली. आत वाळूने माखलेली, वेडीवाकडी, पांढुरकी बटाट्यासारखी फळे होती. चाचा ज्या मालकाकडे कामाला होते, त्यांच्या घरून ती भेट आली होती. आम्ही मुले हिरमुसलो. कुवेतहून बटाटे?

दादीने एक फळ हातात घेतले, फोडले, नाकाशी नेले. म्हणाली, "बटाटे नव्हेत रे हे. ही अळंबी आहे. जमिनीतच राहिलेली."

दादीला लिहितावाचता येत नव्हते, पण तिचे निदान अचूक होते. अरब ज्याला फगा म्हणतात आणि जुन्या अरबीत ज्याला कम्आ हे नाव आहे, ती वाळवंटातली भुईत वाढणारी अळंबीच. काटेकोरपणे बोलायचे तर ती वनस्पती नव्हे, बुरशीच्या कुळातली. पण आपल्याकडे बाजारात अळंबी भाजीच्याच टोपलीत बसते, तेव्हा आम्हीही तिला भाजीतच धरतो. ती स्वतंत्रपणे वाढत नाही. वाळवंटात एक खुरटे, पिवळ्या फुलांचे झुडूप असते. त्याच्या मुळांशी तिची देवाणघेवाण चालते. झाड तिला साखर देते, ती झाडाला मातीतले पाणी आणि क्षार मिळवून देते. म्हणून बदू लोक आधी ते झुडूप हुडकतात आणि मग त्याच्या आसपास जमिनीला कुठे भेग पडली आहे, कुठे माती किंचित फुगली आहे ते पाहतात. पांढरी असते तिला जुबैदी म्हणतात, तांबूस असते तिला खलासी. जुबैदीचा मान मोठा, भावही मोठा.

हे पीक पेरता येत नाही, निदान शतकानुशतके कुणी पेरले नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या पावसाला अरब 'वस्म' म्हणतात. तो वेळेवर पडला तर जानेवारी ते मार्च फगा मिळतो, चुकला तर त्या वर्षी हात रिकामे. आणि बदूंची समजूत अशी की नुसता पाऊस पुरत नाही, ढग गडगडले पाहिजेत. तिला ते 'गडगडाटाची लेक' म्हणतात. चाचांनी हे सांगितले तेव्हा दादी हसली. आमच्याकडेही मृगात पहिला कडकडाट झाला की मुले वारुळांकडे पळतात, कारण अळंबी गडगडाटाने फुटते असेच इथेही मानतात. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच समजूत कुणी कुणाला दिली, की दोघांनी आपापली शोधली?

मुस्लिम वाचकांना कम्आचा परिचय एका हदीसमुळे असेल. हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम ह्या दोन्ही संग्रहांत आहे. कम्आ ही 'मन्न'पैकी आहे आणि तिच्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा आहे, असा तिचा आशय. मन्न म्हणजे बनी इस्राईलला रानात न पेरता, न नांगरता मिळालेले अन्न. त्या मुलखात रानचे अन्न ही केवळ गरिबाची भाजी नव्हती, अल्लाहने थेट पाठवलेली देणगी होती, हे ह्यावरून ध्यानात येते. (डोळ्यांच्या बाबतीत हकीमांनी पुढे बराच ऊहापोह केला आहे. आम्ही एवढेच सांगू की कुणी स्वतःच्या बुद्धीने तो रस डोळ्यांत घालू नये.)

ही देणगी माणसांनी एकमेकांना पाठवायला सुरुवात केली, त्याचा पुरावा मात्र इस्लामपूर्वीचा आहे, फार पूर्वीचा. सीरियात फुरात नदीच्या काठी मारी नावाचे प्राचीन नगर होते. १९३३ पासून फ्रेंच संशोधकांनी तिथे उत्खनन केले आणि राजवाड्यातून वीस हजारांच्या आसपास मातीच्या लेखपाट्या बाहेर आल्या. त्या इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या, झिम्री-लिम नावाच्या राजाच्या काळातल्या. बऱ्याचशा पाट्यांत राज्यकारभार, लढाया, देवळांचे हिशेब आहेत. पण सग्गारातूम इथल्या सुभेदाराचे एक पत्र आहे. तो राजाला रोज कम्आ पाठवत होता आणि राजाने उलट तक्रार केली होती की माल चांगला नाही. सुभेदार काकुळतीने कळवतो की महाराजांनी ह्याबद्दल दोष देऊ नये, लोकांनी जे वेचून आणले तेच मी पाठवले. तिथल्या अक्कडी भाषेत ह्या वस्तूचे नाव 'कम्अतु'. पावणेचार हजार वर्षे झाली, राज्य गेले, भाषा मेली, लिपी कुणाला वाचता येईना. शब्द मात्र हदीसमध्ये आला आणि तिथून आमच्या वडाच्या पाराजवळच्या मदरशापर्यंत पोचला. फक्त मदरशातल्या मुलांना कम्आ कशी दिसते ते ठाऊक नव्हते. ती आमच्या ओसरीवर वर्तमानपत्रात पडलेली होती.

नाव आहे पण वस्तू ओळखीची नाही, किंवा वस्तू आहे पण तिचे नाव सापडत नाही. भेटीदाखल आलेल्या वनस्पतींचा सगळा इतिहास ह्या अडचणीभोवती फिरतो. ह्याचे सर्वांत सुरेख उदाहरण अंदलुसचे आहे.

कुर्तुब्याचा खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याच्याकडे हिजरी ३३७ मध्ये, म्हणजे इ. स. ९४८-४९ च्या सुमारास, कॉन्स्टंटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाकडून नजराणा आला. त्यात एक ग्रीक ग्रंथ होता. डायोस्कोरिडीस हा पहिल्या शतकातला वैद्य. त्याचा वनौषधींवरचा हा ग्रंथ, झाडांच्या चित्रांसह. ग्रंथ नवा नव्हता. त्याआधी बगदादला इस्तिफान बिन बासिल याने त्याचा अरबी तर्जुमा केला होता आणि हुनैन बिन इसहाकने तो तपासला होता. पण इस्तिफानला ज्या झाडाचे अरबी नाव माहीत नव्हते, तिथे त्याने प्रामाणिकपणे ग्रीक शब्दच ठेवला. पुढे कुणीतरी नाव शोधील, ह्या भरवशावर. त्यामुळे कुर्तुब्यातला हकीम ग्रंथ वाचायचा, पण झाड हाती लागायचे नाही. कदाचित ते त्याच्याच कुंपणाला उगवलेले असायचे.

आता मूळ ग्रंथ हाती आला, पण कुर्तुब्यात ग्रीक वाचणारा कुणी नव्हता. खलिफाने सम्राटाला तसे कळवले आणि ९५१ च्या सुमारास तिकडून निकोलस नावाचा एक ख्रिस्ती साधू पाठवण्यात आला. मग काम सुरू झाले. हसदाय बिन शप्रूत हा ज्यू विद्वान, काही मुस्लिम हकीम आणि हा ख्रिस्ती साधू एकत्र बसून चित्र आणि झाड, ग्रीक नाव आणि अरबी नाव, असे जुळवत गेले. हे सगळे इब्न जुलजुल ह्या हकीमाने लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळते. तेव्हा तो बालवयात होता. पुढे ह्या मंडळींची त्याला गाठ पडली. त्याच्या सांगण्याप्रमाणे दहाएक फुटकळ नावे सोडली तर बाकी सगळ्यांची ओळख पटली. पुढे डायोस्कोरिडीसकडून सुटलेल्या वनस्पतींवर इब्न जुलजुलने स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तीन धर्मांची माणसे एका पानावर वाकून भाजीपाल्याची नावे शोधत आहेत, हे चित्र आम्हांला खलिफाच्या सगळ्या मोहिमांपेक्षा मोठे वाटते.

दरबारातल्या देवघेवीची नोंद होते. बाबराने काबूलकडच्या आपल्या बागेत हिंदुस्थानातून केळी नेऊन लावली आणि तिथला ऊस बदखशान आणि बुखाऱ्याला पाठवला, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. स्वयंपाकघरांतल्या देवघेवीची नोंद कोण ठेवणार? ती चाचांच्या आंतरदेशीय आणि हवाई पत्रांत थोडीफार राहिली, तेवढीच.

फग्याची परतफेड करणे दादीला भाग वाटले. मोठ्या घरच्या माणसांना आपण काय पाठवणार, असा चाचांचा सूर होता. दादीने आमसुले पाठवली, चांगली दोन किलो. कोकमाची झाडे आमच्याकडे कुणी मुद्दाम लावलेली नव्हती. रानातली, पऱ्ह्याच्या कडेची. फळे वेचायची, साल रसात भिजवायची, उन्हात वाळवायची. कुवेतमधल्या त्या बाईंना आधी हे काळे चामड्यासारखे तुकडे काय ते कळेना. पण त्यांच्याकडे माशाच्या भातात लूमी घालतात. लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेले काळे लिंबू. त्यांनी लूमीऐवजी आमसूल घालून पाहिले. पुढच्या वर्षी चाचांच्या हाती निरोप आला : ती काळी आंबट साले आणखी हवीत.

एका पत्रात चाचांनी वाळलेले पान घालून पाठवले. लिहिले होते की वसंतात इथली कुटुंबे तंबू घेऊन वाळवंटात जातात, तिथे मुले एक आंबट पाला उपटून तसाच कच्चा खातात, त्याला हुमैज म्हणतात, आपल्याकडे असला काही पाला नाही. दादीने पानाचा कोपरा मोडून जिभेवर ठेवला. "हा चुका," ती म्हणाली आणि पान परत दिले. आम्हांला खरे वाटेना. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना पान दाखवले. त्यांनी सांगितले, रुमेक्स व्हेसिकेरिअस. घाटावरून येऊन आमच्या बाजारात जुडीने विकला जाणारा आंबट चुका तो हाच. तिकडे तो रानात मोकळा वाढतो, इकडे वाफ्यात. निकोलस साधूने जे ग्रंथ पाहून केले ते दादीने जिभेने केले.

मग आम्हांला छंदच लागला. इराकी लोक ज्याला बर्बीन म्हणतात ती घोळीची भाजी निघाली. जुन्या अरबी हकीमांनी तिला 'मूर्ख भाजी' म्हटले आहे, कारण ती शहाण्यासारखी आडबाजूला न उगवता वाटेवर, पाण्याच्या पाटात उगवते आणि तुडवली जाते. फारसीत ती खुर्फा आणि उर्दूत कुल्फा. युनानी दवाखान्यात खुर्फ्याच्या बिया पुडीत बांधून घेणाऱ्या किती जणांना कळत असेल की हीच घोळ त्यांच्या परसात पायाखाली आहे? खुब्बैजा मात्र आम्ही पाहिली नाही, तिच्याविषयी फक्त ऐकले. चाचांच्या पॅलेस्टिनी सोबत्याची ती आवडती भाजी. फळाचा आकार छोट्या रोटीसारखा, म्हणून 'खुब्ज'वरून खुब्बैजा. तो गृहस्थ चाचांना दर ईदला जअतरची पुडी देई. त्याच्या मुलखात जअतर रानातून तोडायला इस्राईलने १९७७ साली बंदी घातली आणि २००५ मध्ये अक्कूब ह्या काटेरी रानभाजीलाही. कारण निसर्गरक्षणाचे दिले गेले. डोंगरावर भाजी खुडणाऱ्या बायकांना दंड झाले. २०२३-२४ च्या हिवाळ्यात गाझात पीठ संपले, तेव्हा लोक हीच खुब्बैजा उकळून मुलांना देत होते, हे आपण सर्वांनी बातम्यांत वाचले.

फग्याचीही तीच गत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. लाखाहून अधिक हिंदी माणसे पुढच्या दोनेक महिन्यांत अम्मानमार्गे विमानांनी परत आणली गेली. त्यांत कोकणातली शेकडो घरे होती. युद्ध सरले, पण वाळवंटात सुरुंग राहिले आणि फगा वेचायला गेलेल्यांचे त्यांत बळी गेले. तिथल्या बाजारात मग मोरोक्को, अल्जीरिया, लिबियातला माल अधिक दिसू लागला. सीरियात तर आणखी भयंकर. यादवी युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना फग्याचा चढा भाव दिसे आणि ते जीव धोक्यात घालून वाळवंटात जात. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी अस-सुखना गावाजवळ फगा वेचणाऱ्या पन्नासहून अधिक माणसांना मारण्यात आले. सरकारी माध्यमांनी इसिसचे नाव घेतले. मारीच्या सुभेदाराची माणसे ज्या देशात कम्आ वेचत होती, तोच हा देश.

चाचा १९९० च्या सप्टेंबरात परत आले, एका खांद्यावरच्या पिशवीनिशी. मालकाचे कुटुंब कुठे गेले ते त्यांना समजले नव्हते, पगार बुडालेला होता. अंगावरच्या कोटाच्या खिशात एक कागदाची पुडी होती. आदल्या वसंतात गोळा केलेले हुमैजचे बी. ते त्यांनी थंडीत परसात पेरले आणि चांगले तरारून आले. दादी वाफ्याशी बसून एकेक पान खुडत होती. "इतक्या लांबून चुका आणलास," ती म्हणाली, "बाजारात रुपयाला जुडी मिळते." त्या रात्री तिने तो तुरीच्या डाळीत घातला.